परदेशी कंपनीशी करार : वादाचे कलम लिहिताना नेमके कुठे चुकते?

सीमापार

परदेशी खरेदीदाराशी किंवा पुरवठादाराशी करार करताना दर, मालाचा दर्जा आणि मुदती यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस चालते. वादाचे कलम मात्र शेवटच्या दिवशी जुन्या करारातून उचलून चिकटवले जाते. पैसे अडकले की सगळ्यांत आधी तेच कलम उघडले जाते, आणि तोवर ते बदलण्याची वेळ गेलेली असते. म्हणून हा धागा फक्त त्या कलमासाठी आणि त्याच्यासोबत येणाऱ्या कागदपत्रांसाठी.

कलम लिहायला बसण्याआधी एक प्रश्न विचारा : समोरच्याची मालमत्ता कोणत्या देशात आहे? बँक खाते, गोदाम, जहाज, तिसऱ्या कोणाकडून त्याला येणारी रक्कम, जे जप्त होऊ शकते ते सगळे त्यात धरा. निकाल कुठे मिळवायचा हे नंतर ठरवा. वसुली जिथे करायची तिथून उलट मागे येत कलम लिहा.

एका देशाच्या न्यायालयाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. त्यासाठी द्विपक्षीय व्यवस्था किंवा एखादे कन्व्हेन्शन लागते. २००५ चे हेग कन्व्हेन्शन दोन्ही पक्षांनी एकाच देशाचे न्यायालय अनन्यपणे निवडले असेल तेव्हा कामाला येते. २०१९ चे हेग जजमेंट्स कन्व्हेन्शन १ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आले, पण त्यात अजून थोडेच देश आहेत. लवादाच्या निवाड्यामागे मात्र १९५८ चे न्यूयॉर्क कन्व्हेन्शन आहे आणि त्यात १७० हून अधिक देश आहेत. त्या देशांतील न्यायालय निवाडा नाकारू शकते ते पाचव्या अनुच्छेदातील मोजक्या कारणांवरच : लवाद करारच वैध नव्हता, पक्षाला योग्य सूचना किंवा बाजू मांडायची संधी मिळाली नाही, निवाडा सोपवलेल्या विषयाबाहेर गेला, लवाद मंडळाची नेमणूक किंवा प्रक्रिया ठरल्याप्रमाणे नव्हती, निवाडा अजून बंधनकारक झालेला नाही किंवा लवादाच्या सीटवरच्या (कायदेशीर ठिकाणच्या) न्यायालयाने रद्द केला, विषय लवादायोग्य नव्हता, आणि निवाडा त्या देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध जातो. "आर्बिट्रेटरने पुरावा चुकीचा वाचला" हे कारण त्या यादीत नाही.

शब्दांबद्दल एक गोष्ट. मराठीत प्रक्रियेलाही लवाद म्हणतात आणि माणसालाही. गोंधळ नको म्हणून इथे प्रक्रियेला लवाद आणि निवाडा देणाऱ्या व्यक्तीला आर्बिट्रेटर म्हणू या.

मसुदेकर

चांगला धागा. चर्चेला एक नमुना देतो. असे कलम खूप करारांत दिसते :

"या करारासंबंधीचा वाद उभय पक्ष सलोख्याने सोडवतील. न सुटल्यास तो सिंगापूर येथे इंटरनॅशनल चेंबरच्या नियमांनुसार लवादाने किंवा सक्षम न्यायालयात सोडवला जाईल."

यात काय काय अडेल?

सीमापार

जवळजवळ प्रत्येक शब्द अडेल. क्रमाने घेतो.

"सलोख्याने सोडवतील" याला मुदत नाही. एक पक्ष लवाद सुरू करेल आणि दुसरा म्हणेल की अजून चर्चा संपलेली नाही, दावा अकाली आहे. काही देशांची न्यायालये अशा पायरीला पूर्वअट मानतात. पायरी हवी असेल तर असे लिहा : "वादाचा तपशील देणारी लेखी सूचना पोहोचल्यापासून ३० दिवसांत वाद न सुटल्यास कोणताही पक्ष लवाद सुरू करू शकेल." दिवस कुठून मोजायचे ते त्यात स्पष्ट आहे, आणि ३० दिवस उलटले की वाट मोकळी होते. चर्चा चालू असली तरी दाव्याची कायदेशीर मुदत सहसा थांबत नाही. ती थांबवायची असेल तर वेगळा लेखी करार करावा लागतो, आणि कोणत्या कायद्याखाली असा करार चालतो ते आधी तपासावे लागते.

"येथे" म्हणजे काय? सुनावणीची खोली सिंगापुरात, की लवादाची सीट सिंगापूर? सीट म्हणजे लवादाचे कायदेशीर घर. प्रक्रियेवर कोणत्या देशाचा लवाद कायदा चालेल, आर्बिट्रेटरवरचा आक्षेप कोणते न्यायालय ऐकेल, निवाडा रद्द करायचा अर्ज कुठे जाईल, हे सगळे सीट ठरवते. अन्सिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या १९८५ च्या आदर्श कायद्यावर बेतलेल्या देशांत निवाडा हातात पडल्यापासून ३ महिन्यांत रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. सुनावणी कुठेही घेता येते, त्याने सीट बदलत नाही. "ठिकाण", "व्हेन्यू", "येथे" असे शब्द टाळून थेट लिहा : "लवादाची कायदेशीर सीट सिंगापूर राहील. सुनावणी अन्यत्र किंवा व्हिडिओद्वारे घेता येईल."

"इंटरनॅशनल चेंबर" हे नावच अपुरे आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरचे नमुना कलम अक्षर न अक्षर उतरवा. त्यात आपले शब्दकौशल्य दाखवू नका.

आणि "किंवा". लवाद किंवा न्यायालय असे लिहिले की दोन्ही पक्ष आपापल्या सोयीच्या दारात जातात, मग लवादाचा करार खरेच झाला होता का यावरच पहिला वाद रंगतो.

निवाडा_वाचक

संस्था एक आणि नियम दुसऱ्या संस्थेचे, ही चूक कृपया करू नका. इन्सिग्मा विरुद्ध अल्स्टॉम या प्रकरणात कलम असे होते की सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरने आयसीसीच्या (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या) नियमांनुसार लवाद चालवावा. २००९ मध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयाने ते कलम वैध ठरवले, पण त्यासाठी वरच्या न्यायालयापर्यंत भांडावे लागले. त्यानंतर आयसीसीने २०१२ च्या नियमांत स्पष्ट केले की तिच्या नियमांखालचे लवाद चालवण्याचा अधिकार फक्त तिच्याच अंतर्गत लवाद न्यायालयाला आहे. आज असे मिश्र कलम लिहिणे म्हणजे पहिले वर्ष फक्त अधिकारक्षेत्राच्या वादात घालवणे.

संस्था टिकेल का हेही बघा. दुबईने २०२१ च्या ३४ व्या फर्मानाने डीआयएफसी-एलसीआयए या तिथल्या लवाद केंद्रामागची संस्था बरखास्त करून तिची कामे डायक (दुबई इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर) या केंद्राकडे वळवली. ज्यांच्या करारांत जुने नाव होते त्यांची प्रकरणे पुढे वेगवेगळ्या देशांच्या न्यायालयांसमोर आली आणि सगळीकडे एकच उत्तर मिळाले नाही. चालू करारांतली अशी जुनी नावे दुरुस्तीपत्राने बदलून घ्या. वाद उभा राहिल्यावर समोरचा सही करत नाही.

आता सगळ्यांत जास्त विसरला जाणारा मुद्दा : मुख्य कराराला एका देशाचा कायदा आणि सीट दुसऱ्या देशात असेल, तर लवाद कराराला, म्हणजे वेगळा करार मानल्या जाणाऱ्या वादाच्या कलमाला, कोणाचा कायदा? कबाब-जी विरुद्ध कूट फूड या प्रकरणात करार इंग्लंडच्या कायद्याखाली होता आणि सीट पॅरिस होती. निवाडा अशा कंपनीवर दिला गेला जिची करारावर सहीच नव्हती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये इंग्लंडचा कायदा लावून अंमलबजावणी नाकारली. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फ्रेंच नियम लावून तोच निवाडा कायम ठेवला. निवाडा एकच, उत्तरे दोन. इंग्लंडने २०२५ च्या लवाद कायद्यात आता असे ठरवले आहे की पक्षांनी स्पष्ट वेगळे लिहिले नसेल तर लवाद कराराला सीटचाच कायदा लागेल. पण प्रत्येक देशात असे नाही. कलमात एक वाक्य घाला : "या लवाद कराराला सीटच्या देशाचा कायदा लागू राहील."

गोदीवाला

आर्बिट्रेटर किती असावेत यावर कोणी बोलले नाही. आदर्श कायद्यात आणि अनेक देशांत काही लिहिले नसेल तर तीन धरले जातात. दोन कंटेनरच्या मालासाठी तीन आर्बिट्रेटर म्हणजे दाव्यापेक्षा खर्च मोठा. माझ्या मते मध्यम आणि छोट्या व्यवहारात "एकच" हे ठामपणे लिहावे.

निवाडा_वाचक

एकच, हे रकमेवर अवलंबून ठेवा, सरसकट नको. यंत्रसामग्रीच्या करारात अभियांत्रिकी आणि कायदा दोन्ही लागतात. एकट्या माणसाचा एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर गैरसमज झाला तर तो दुरुस्त करणारे शेजारी कोणी नसते, आणि वर म्हटल्याप्रमाणे निर्णय बरोबर की चूक यावर सहसा अपील नसते. कलमात मर्यादा घालता येते : दावा अमुक रकमेपर्यंत असेल तर एक, वर गेला तर तीन. फक्त त्या रकमेत प्रतिदावा आणि व्याज धरायचे की नाही ते लिहा, नाहीतर त्यावरच वाद होतो.

खर्चाची पद्धतही संस्थेगणिक वेगळी असते. आयसीसीत आर्बिट्रेटरचे मानधन वादातल्या रकमेच्या प्रमाणात ठरते, लंडनच्या एलसीआयए या लवाद संस्थेत तासांवर. मोठा पण साधा दावा तासांवर स्वस्त पडतो, छोटा पण गुंतागुंतीचा दावा रकमेच्या प्रमाणावर. आयसीसीच्या २०२१ च्या नियमांत १ जानेवारी २०२१ पासूनच्या लवाद करारांना ३० लाख डॉलरपर्यंतच्या वादात जलद प्रक्रिया आपोआप लागते, आणि तिथे कलमात तीन लिहिले असले तरी आयसीसीचे लवाद न्यायालय एकच आर्बिट्रेटर नेमू शकते. ती नको असेल तर कलमात स्पष्ट नकार लिहावा लागतो.

गोदीवाला

रकमेच्या मर्यादेचा मुद्दा पटला. प्रतिदाव्याचे वाक्य घालायला हवे.

आता मालाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. "कराराला जर्मनीचा कायदा लागू" असे लिहून लोक समजतात की जर्मन दिवाणी संहिता लागली. पण जर्मनी १९८० च्या आंतरराष्ट्रीय माल विक्री कन्व्हेन्शनचा सदस्य आहे आणि ते त्यांच्या कायद्याचाच भाग आहे. म्हणजे विक्रीच्या करारावर आधी ते लागते. अमेरिका, चीन आणि सिंगापूरही सदस्य आहेत, ब्रिटन आणि भारत नाहीत. नको असेल तर सहाव्या अनुच्छेदाप्रमाणे वगळता येते, पण ते नाव घेऊन वगळा.

ठेवणार असाल तर ३८ आणि ३९ हे अनुच्छेद पाठ करा. खरेदीदाराने परिस्थितीनुसार शक्य तितक्या लवकर माल तपासायचा, आणि दोष कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून वाजवी वेळेत दोषाचे स्वरूप सांगणारी सूचना द्यायची. ताबा मिळाल्यापासून २ वर्षे ही शेवटची सीमा आहे, करारातील हमीची मुदत तिच्याशी विसंगत असेल तेवढा अपवाद. दोन वर्षे आहेत म्हणून निवांत बसणारे हरतात, कारण आधी "वाजवी वेळ" संपते, आणि नाशवंत मालात ती काही दिवसांचीच असते.

"माल खराब आला, नुकसानभरपाई द्या" ही सूचना पुरेशी नाही. सूचनेत हे हवे : कराराचा आणि बिलाचा क्रमांक, कंटेनर आणि सील क्रमांक, सील कोणाच्या समोर तोडले, कोणत्या लॉटचे किती खोके उघडले, करारात ठरलेले मोजमाप आणि प्रत्यक्ष आलेले मोजमाप शेजारी शेजारी (ओलावा १२ टक्के ठरला, चाचणीत इतका निघाला), नमुना कोणी आणि कसा घेतला, उरलेला माल कुठे ठेवला आहे. नमुन्याचे तीन भाग करून एक मोहोरबंद राखून ठेवा. पुढे आर्बिट्रेटरने नेमलेला तज्ज्ञ तोच मागतो.

मसुदेकर

सूचना पाठवायची कशी? करारात फक्त "लेखी कळवावे" एवढेच असते.

सीमापार

सूचनेचे कलम वादाच्या कलमाइतकेच महत्त्वाचे आहे. "मला सूचनाच मिळाली नाही" हा न्यूयॉर्क कन्व्हेन्शनखाली निवाडा अडवण्याचा नेहमीचा बचाव आहे. पत्ता, ईमेल, कोणाच्या नावे, कुरिअर पोहोचल्याचा पुरावा कोणता, ईमेल कधी पोहोचला असे मानायचे, आणि पत्ता बदलल्यास कळवण्याची जबाबदारी कोणाची, एवढे लिहा. लवाद चालू असताना समोरचा गप्प बसला तरी प्रत्येक कागद करारातील पत्त्यावर आणि नोंदणीकृत कार्यालयावर, दोन्हीकडे पाठवा आणि पोच सांभाळा. गैरहजर पक्षाविरुद्धचा निवाडा त्या पोचपावत्यांवर उभा असतो.

न्यायालय निवडले असेल तर समन्सची बजावणी १९६५ च्या हेग कन्व्हेन्शनच्या वाटेने होते. त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे ठरलेला नमुना आणि भाषांतर पाठवायचे आणि महिनोन्महिने वाट बघायची. टपालाने पाठवायला जर्मनी, चीन, भारत अशा अनेक देशांचा आक्षेप आहे. तिथे टपालाने "बजावलेले" समन्स पुढे अंमलबजावणीच्या वेळी उलटते. त्यावर उपाय म्हणून करारातच समन्स स्वीकारणारा प्रतिनिधी नेमून घ्यावा, ज्या देशाचे न्यायालय निवडले त्याच देशातला.

तातडीच्या मनाईसाठीही एक वाक्य हवे. आयसीसीत आपत्कालीन आर्बिट्रेटर मागायचा तर ४०,००० डॉलर भरावे लागतात, आणि त्याचा आदेश प्रत्येक देशात राबवता येतोच असे नाही. खाते गोठवायचे असेल तर ते खाते ज्या देशात आहे तिथल्या न्यायालयात जाणे बहुधा जलद. "अंतरिम उपायासाठी न्यायालयात गेल्याने लवादाचा हक्क सोडला असे होणार नाही" असे लिहून ठेवा.

प्रतिलिपी

कागदपत्रांबद्दल थोडे, कारण जिंकलेली प्रकरणेही इथे लटकतात.

अ‍ॅपॉस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग कन्व्हेन्शनचा शिक्का : किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यात १० क्रमांकित नोंदी आणि वर फ्रेंच शीर्षक. तो सही खरी आहे, सही करणाऱ्याचा अधिकार काय होता आणि शिक्का कोणाचा, एवढेच सांगतो. आतला मजकूर खरा आहे असे तो सांगत नाही. चीनमध्ये हे कन्व्हेन्शन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाले, म्हणून दूतावासाच्या साखळीची जुनी यादी वापरू नका. मात्र दूतावासाने दिलेल्या कागदांना आणि व्यापार किंवा सीमाशुल्काशी थेट संबंधित प्रशासकीय कागदांना ते कन्व्हेन्शन लागूच नाही. त्यामुळे मूळ देशाच्या दाखल्यासारख्या कागदावर अ‍ॅपॉस्टिल मागायला गेले की काही देशांत परत पाठवतात. अशा कागदांचा मार्ग समोरच्या देशाचे सीमाशुल्क खाते काय मागते यावर ठरवा.

निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी न्यूयॉर्क कन्व्हेन्शनचा चौथा अनुच्छेद दोन कागद मागतो : रीतसर प्रमाणित मूळ निवाडा किंवा त्याची प्रमाणित प्रत, आणि मूळ लवाद करार किंवा त्याची प्रमाणित प्रत. दोन्ही त्या देशाच्या भाषेत नसतील तर अधिकृत किंवा शपथबद्ध भाषांतरकाराचे, नाहीतर दूतावासाने प्रमाणित केलेले भाषांतर. हल्ली निवाडे ईमेलने येतात. निवाडा येण्याआधीच मंडळाला लिहून शाईच्या सहीच्या जादा प्रती मागा. मालमत्ता तीन देशांत असेल तर तीन आणि एक राखीव. मंडळाचे काम संपल्यावर तीन वेगवेगळ्या देशांतल्या आर्बिट्रेटरांच्या सह्या गोळा करणे फार अवघड जाते.

भाषांतरात कंपनीचे नाव भाषांतरित करू नका. नोंदणीत जसे आहे तसे ठेवा आणि नोंदणी क्रमांक द्या.

अर्जाच्या मुदती देशागणिक वेगळ्या आहेत, कन्व्हेन्शनमध्ये त्या नाहीत. अमेरिकेत निवाड्यापासून ३ वर्षे, चीनमध्ये २ वर्षे.

प्रवेशपत्र

यंत्रे विकणाऱ्यांसाठी व्हिसाचा मुद्दा जोडतो, कारण तो वादाचे कारण नेहमी होतो. करारात "उभारणी आणि प्रशिक्षण विक्रेत्याकडे" असते, माणसे बिझनेस व्हिसावर जातात आणि कारखान्याच्या दारात अडकतात. बैठक, पाहणी, वाटाघाटी हे एक आणि हाताने काम करणे हे दुसरे.

अमेरिकेत बी-१ या बिझनेस व्हिसावर परदेशातून विकलेल्या औद्योगिक यंत्राची उभारणी, दुरुस्ती किंवा प्रशिक्षण करता येते, पण विक्रीच्या करारातच ती सेवा विक्रेत्यावर बंधनकारक म्हणून लिहिलेली हवी, माणसाकडे त्यासाठी लागणारे खास ज्ञान हवे आणि पगार परदेशी मालकाकडूनच हवा. बांधकाम प्रत्यक्ष करता येत नाही, त्यावर देखरेख किंवा प्रशिक्षण चालते. म्हणून करारात "आवश्यकतेनुसार साहाय्य" असे मोघम लिहू नका. किती माणसे, किती दिवस, कोणते यंत्र, अनुक्रमांकासकट लिहा. तीच पाने व्हिसाच्या अर्जाला जोडायची असतात. जर्मनीत पुरवलेल्या यंत्राच्या उभारणीला १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत रोजगार खात्याची मंजुरी लागत नाही, पण काम सुरू होण्याआधी त्या खात्याला कळवावे लागते. ही आधीची सूचना राहिली तर सवलत जाते.

शेंगेनचे (युरोपातील सामायिक व्हिसा क्षेत्राचे) दिवस मोजताना हमखास चूक होते. नियम १८० दिवसांच्या सरकत्या खिडकीत ९० दिवस असा आहे, येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. समजा अभियंता १ मार्च ते १४ एप्रिल होता, म्हणजे ४५ दिवस. पुन्हा १ जून ते १५ जुलै, आणखी ४५. १५ जुलैला ९० संपले. लोक म्हणतात पुढची सहामाही सप्टेंबरात सुरू होईल, किंवा देशाबाहेर पडून परत आले की मोजणी नव्याने सुरू होईल. दोन्ही चूक. २८ ऑगस्टला खिडकी २ मार्चपासून सुरू होते, १ मार्च गळतो आणि एक दिवस मोकळा होतो. तेव्हापासून रोज एक जुना दिवस गळत जातो, म्हणून सलग ४५ दिवस राहता येते. शिवाय हे फक्त राहण्याचे गणित. कामाची परवानगी त्या त्या देशाच्या कायद्यात वेगळी शोधावी लागते.

करारात लिहा : निमंत्रणपत्र खरेदीदाराने किती दिवसांत द्यायचे, व्हिसा नाकारला किंवा लांबला तर उभारणीची मुदत किती वाढेल, आणि त्या काळात विलंबदंड चालू राहील का. हे नसेल तर खरेदीदार विलंबदंड कापतो आणि विक्रेता अनपेक्षित अडथळ्याचे कलम पुढे करतो. व्हिसा लागतो हे आधीच माहीत असते, म्हणून तो अडथळा अनपेक्षित होता हे पटवणे कठीण जाते.

निवाडा_वाचक

साक्षीदारांनाही हेच लागू. सीट आणि सुनावणीची जागा वेगळी ठेवण्याचा फायदा इथे दिसतो : साक्षीदाराला एका देशाचा व्हिसा मिळाला नाही तर सुनावणी दुसरीकडे नेता येते. व्हिडिओवर साक्ष घ्यायची असेल तर तो ज्या देशात बसला आहे तिथे परदेशी कार्यवाहीसाठी शपथेवर साक्ष द्यायला परवानगी लागते का, ते पहिल्याच प्रक्रिया बैठकीत विचारा.

मसुदेकर

सगळ्यांचे मुद्दे घेऊन पुन्हा लिहिले :

"या करारातून किंवा त्याच्या संबंधात उद्भवणारा, कराराचे अस्तित्व, वैधता किंवा समाप्ती यांसह, प्रत्येक वाद लेखी सूचना पोहोचल्यापासून ३० दिवसांत न सुटल्यास सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरकडून त्याच्या त्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार लवादाने अंतिमतः सोडवला जाईल. कायदेशीर सीट सिंगापूर. आर्बिट्रेटर एक. भाषा इंग्रजी. या लवाद कराराला सिंगापूरचा कायदा लागू. अंतरिम उपायासाठी न्यायालयात जाण्याने लवादाचा हक्क बाधित होणार नाही."

सीमापार

कलम चालेल. आता कराराच्या पहिल्या पानावर जा. तिथे खरेदीदार म्हणून समूहाचे व्यापारी नाव आहे, की नोंदणी झालेली कंपनी? समूहाच्या नावाने नोंदणीच नसेल तर निवाडा कोणावर बजावायचा हा प्रश्न उरतो. आणि करारावरची कंपनी महिन्यापूर्वी उघडलेली, खात्यात काही नसलेली उपकंपनी असेल तर इतके नीट लिहिलेले कलमही रिकाम्या खात्यापाशी येऊन थांबते. त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाचा ताजा उतारा मागवा, सही करणाऱ्याचा ठराव बघा, आणि मालमत्ता मूळ कंपनीकडे असेल तर तिची हमी घ्या. त्या हमीपत्रात हेच लवाद कलम शब्दशः उतरवा आणि दोन्ही वाद एकत्र चालवायला संमती लिहा, नाहीतर हमीदाराविरुद्ध वेगळ्या देशात वेगळा दावा लावावा लागेल.